मेन स्विच आणि माझा साडू

२ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. कारण एकच: पुरावा राहावा. उद्या कोण बरोबर होतं याचा वाद निघेल, तेव्हा माझ्याकडे लेखी असेल. एकतीस वर्षं भांडार विभागात काढली. जे लेखी नाही ते घडलेलंच नाही, हे तिथे शिकलो.

विषय: घराला थ्री फेज वीज मंजूर झाली. माझ्यासाठी नाही, हिच्या ओव्हनसाठी. ही चार वर्षं स्वयंपाकघरातल्या छोट्या ओव्हनवर पाव आणि केक करून विकते. आता तिने दोन मजली मोठा ओव्हन घेतलाय. आठ दिवस झाले, तो पोर्चमध्ये ताडपत्री पांघरून बसलाय. वीज कार्यालयाचं पत्र आलं की मीटरच्या पुढे मेन स्विच घरमालकाने बसवायचा, सगळ्या घराचा पुरवठा एकदम तोडता येईल असा. मग १९ तारखेला माणसं येऊन लाइन जोडतील.

हिने विचारलं, स्विच कोण आणणार? मी म्हणालो, मी. खरेदी हा माझा प्रांत. ती म्हणाली, भाऊजींना विचारू या का?

भाऊजी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझा साडू. एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बस्स. याहून जास्त पात्रता नाही.

मी म्हणालो, घर माझं आहे. ती म्हणाली, ओव्हन माझा आहे. हा मुद्दा गैरलागू आहे, म्हणून उत्तर दिलं नाही.

३ मार्च
हिने विचारलंच. फोन स्पीकरवर ठेवून. साडू एका दमात म्हणाला: फोर पोल, त्रेसष्ट अँपिअर, चांगल्या कंपनीचा आयसोलेटर, म्हणजे मेन स्विच घ्या, वायरमनकडून बसवून घ्या, विषय संपला.

विषय संपला! एकतीस वर्षांत मी एकही विषय एका मिनिटात संपवला नाही. चादरींच्या खरेदीला मी सव्वा वर्ष लावलंय, आणि त्या चादरी अजून टिकून आहेत. वापरल्याच नाहीत हा भाग वेगळा.

या माणसाबद्दल माझ्या मनात काही नाही हे इथे नोंदवतो. माझ्या निवृत्तीच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर मला टेस्टर भेट दिला. वर म्हणाला, आता घरीच बसणार आहात, निदान कुठे जीव आहे ते कळेल. सगळे हसले. ही पण हसली. डाव्या हाताने तोंड झाकून. सात वर्षं झाली. मी केव्हाच विसरलोय.

संकल्प:
एक, त्रेसष्ट अँपिअर घ्यायचा नाही.
दोन, फोर पोल घ्यायचा नाही.
तीन, निर्णय संपूर्णपणे टेक्निकल निकषांवर घ्यायचा.

५ मार्च
अभ्यास. दिवसभर.

पोल म्हणजे स्विच किती तारा एकदम तोडतो तो आकडा. थ्री फेजमध्ये तीन फेजच्या तीन तारा. शिवाय न्यूट्रल नावाची चौथी. तीन तारांतून वीज येते. चौथी नुसती परत जायला. मग जाणाऱ्याला कशाला अडवायचं? चौथा पोल ही निव्वळ कंपन्यांनी काढलेली टूम आहे. साडू फसला. मी फसणार नाही.

६ मार्च
विजेच्या सामानाची तीन दुकानं पालथी घातली. कोटेशनं तीन हवीतच.

पहिला दुकानदार म्हणजे मूर्तिमंत कंटाळा. त्याला विचारलं, लोड वाढला तर हा मेन स्विच आपोआप पडेल ना? म्हणाला, नाही, ते एमसीबीचं काम. हा तुम्ही हाताने बंद करायचा. म्हणजे पुढे जो कुणी वायरींना हात घालेल तो वाचतो. मी विचारलं, आणि एरवी हा काय करतो? म्हणाला, काही नाही. मी म्हणालो, वर्षानुवर्षं काही करत नाही आणि वर मेन म्हणवून घेतो?

मागचं गिऱ्हाईक म्हणालं, असे असतात काका, निवृत्त होईपर्यंत कळत नाही. दुकानदार पहिल्यांदा हसला. मला रोख कळला नाही. पण दुकान यादीतून बाद केलं.

९ मार्च
तुलनात्मक तक्ता पूर्ण. सात स्विच, अकरा रकाने. वजन, रंग, मुठीची पकड, हमी, डब्याचा पुठ्ठा, विक्रेत्याचं वर्तन वगैरे. वजनाला सर्वाधिक गुण दिले. भांडारात हा नियम कधी चुकला नाही: जड ते दणकट.

हिला तक्ता दाखवला. ती कणीक मळत होती. म्हणाली, यात चार पोलचा एकही कसा नाही? मी म्हणालो, पूर्वअटीतच बाद झाले. ती म्हणाली, कुणाच्या अटीत? मी म्हणालो, समितीच्या. ती म्हणाली, समितीत कोण कोण आहे? मी म्हणालो, हे गोपनीय असतं.

पिठाचे हात तसेच ठेवून ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

११ मार्च, दुपारी ४
वायरमन जागा बघायला आला. म्हणजे आली. आता बाईला वायरमन म्हणायचं की काय म्हणायचं, हे कुणी ठरवलेलं नाही. मी वायरमनबाई म्हणतो. चाळिशीची, खिशात दोन पक्कडी, चेहऱ्यावर माझ्याबद्दल काडीचा आदर नाही.

जिन्याखालच्या कपाटात बोर्ड आहे. त्यातल्या चपला, जुनी छत्री, रंगाचा वाळलेला डबा तिने भराभर बाहेर काढला आणि म्हणाली, बोर्डासमोर सामान ठेवतात का कुणी? त्यानंतर पत्र वाचलं. म्हणाली, न्यूट्रलसकट तुटायला पाहिजे असं लिहिलंय, काका. फोर पोल आणा. त्रेसष्टचा पुरे.

मी तिला शांतपणे सांगितलं, न्यूट्रलमध्ये वीज नसते. ती म्हणाली, कुणी सांगितलं? मी म्हणालो, वाचन. ती म्हणाली, वाचताना कोणी मरत नाही.

मी विचारलं, तुम्ही माझ्या साडूला ओळखता का? ती म्हणाली, कोण साडू? अभिनय उत्तम होता. पण फोर पोल आणि त्रेसष्ट, दोघांच्या तोंडी तंतोतंत तेच शब्द. मी लहान मूल नाही.

१२ मार्च
हिला मोठी ऑर्डर मिळाली. एका कंपनीचं स्नेहसंमेलन, २८ तारखेला संध्याकाळी. चाळीस केक, सहाशे बन. एवढी मोठी ऑर्डर पहिलीच. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, मी हो म्हटलं. मग म्हणाली, अहो, १९ला लाइन आलीच पाहिजे, एवढं एकच करा.

मी म्हणालो, काळजीच करू नकोस. स्विचचा निर्णय अंतिम टप्प्यात आहे.

१४ मार्च
खरेदी झाली! ट्रिपल पोल. शंभर अँपिअर. सर्वांत जड. डबा हातात घेतला तेव्हाच कळलं, ही वस्तू आहे.

साडूपेक्षा सदतीस अँपिअर जास्त.

घासाघीस करून भाव पाडला. बदल्यात बिलावर लिहून दिलं की माल परत करणार नाही. परत करायचा प्रश्नच कुठे येतो?

१५ मार्च
हिने डबा उघडला. बोटाने मोजलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. म्हणाली, परत करून या. मी बिल दाखवलं.

नंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण ती एकटीच बोलत होती. सारांश असा की मी एक वस्तू आणायला गेलो की दुसरीच आणतो, तिच्या बाळंतपणात डिंक आणायला गेलो आणि सुतळी आणली, आणि तेव्हाही सुतळी जास्त टिकते असंच म्हणालो होतो. सुतळी अजून आहे. मी दाखवायला आणली. तिने दार लावून घेतलं.

१७ मार्च
वायरमनबाईंनी स्विच बसवला, पण तोंड वाकडं करून. दोन दिवसांवर लाइन आली आहे, दुसरा आणायला वेळ नाही, म्हणून हिच्याकडे बघून तयार झाल्या. न्यूट्रलची तार स्विचला वळसा घालून सरळ पुढे नेली, पितळी पट्टीला दोन स्क्रूंनी आवळून. म्हणाल्या, निदान ही कधी सुटणार नाही. स्विच लवकर बदला. तोवर या तारेला हात लावायचा नाही.

मी म्हणालो, लिहून द्या. त्या म्हणाल्या, तुम्ही द्या. आणि खरंच स्वतःच्या वहीत माझ्याकडून लिहून घेतलं: न्यूट्रलला हात लावणार नाही. मी सही केली, तारीख घातली, आणि सवयीने खाली ‘सादर’ असं लिहिलं. हे बाईंना खूप हसू येण्यासारखं होतं, असं त्यांच्या वागण्यावरून वाटलं.

१९ मार्च, रात्री ८
लाइन आली. वीज कार्यालयाच्या साहेबांनी बोर्ड पाहिला, मान हलवली, शेरा मारला: पुरवठा देण्यात येत आहे, तीस दिवसांत चार पोलचा स्विच बसवणे. म्हणजे तत्त्वतः मंजुरी. शेऱ्यातला पहिला अर्धा भाग महत्त्वाचा असतो.

ओव्हन घरात आला आणि चालू झाला. हिने पहिला पाव काढला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाफेने असेल.

संध्याकाळी साडू आणि मेहुणी आले. साडू चहा न घेताच थेट जिन्याखाली. दार उघडून म्हणाला, शंभर? घरात आगगाडी चालवणार आहात का, साडूभाऊ? मी म्हणालो, तुम्ही आमच्या बोर्डापासून लांब राहा. तो म्हणाला, न्यूट्रल कुठाय यातला? मी म्हणालो, जिथे असायला हवा तिथे. तो म्हणाला, तुम्हाला माहितीय का तो कुठे असायला हवा? मी म्हणालो, तुमच्या कारखान्यातून काढून टाकलेल्या ज्ञानाची इथे गरज नाही. तो म्हणाला, सात वर्षं टेस्टर घरात आहे, एकदा तरी पाकिटातून काढलात का?

यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. मेहुणीने पर्स उचलली. ही दारापर्यंत गेली, त्यांना ताज्या पावाची पिशवी दिली. सगळ्यात चांगला भाजलेला पाव त्यात होता. मी उरलेले पाव तपासून पाहिले.

२० मार्च
ही बोलत नाही. मीही बोलत नाही. पण मी आधी थांबलो, ती नंतर. ही नोंद महत्त्वाची.

२१ मार्च, पहाटे ५
सुचलं!

सगळ्यांना चार पोल हवेत ना? माझ्याकडे तीन आहेत. जुन्या सिंगल फेजचा काढलेला एक पोलचा स्विच माळ्यावर पडून आहे. तो न्यूट्रलमध्ये टाकला की तीन अधिक एक, चार. पहिलीच्या मुलालाही येईल. नवीन खरेदी नाही, साहेबांचा शेरा पूर्ण, आणि साडूकडे नाही अशी एक सोय जास्त: न्यूट्रल स्वतंत्रपणे बंद-चालू करता येईल.

मी वायरमनबाईंना लिहून दिलंय हे खरं. पण ती परिस्थिती वेगळी होती.

२३ मार्च, दुपारी २
ही बाजारात गेली तशी मी कामाला लागलो. मेन बंद केला. टेस्टरने तपासलं. पाकीट फोडावं लागलं, पण कुणी बघत नव्हतं. पितळी पट्टी सोडवली, मधे जुना स्विच बसवला. शंभर अँपिअरच्या शेजारी तो जरा बारका दिसतो, हत्तीला शेपूट असावी तसा. पण शेपटीशिवाय हत्ती पुरा होत नाही.

एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देतातच.

दोन्ही चालू केले. दिवे लागले, पंखे फिरले. मी कपाटासमोर एकटाच उभा राहिलो. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू घेतल्या. ही पहिली मी केलेली.

२५ मार्च
हिला अजून सांगितलं नाही. सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. २८ला साडू ऑर्डरची खोकी पोचवायला व्हॅन घेऊन येणार आहे. म्हणजे ही त्याला बोलवणार, मला विचारणार नाही, हे ओघानेच आलं. येऊ दे. तेव्हाच दाखवू.

दोन वाक्यं तयार केली. पहिलं: साडूभाऊ, जरा मोजा बरं. दुसरं त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून.

२७ मार्च
ही दिवसभर उभी. केकचे थर, बनचं पीठ, ट्रेवर ट्रे. काही मदत करू का विचारलं. आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलली: लांब बसा.

लांब बसलो. दुसऱ्या वाक्याचा सराव केला.

२८ मार्च, दुपारी १२
घटनेची वस्तुनिष्ठ नोंद करतो.

साडेनऊला साडू आला. सहाशेपैकी अडीचशे बन भाजून झाले होते. मोठा ओव्हन चालू, छोटाही चालू, मेहुणी खोक्यांना दोरा बांधत होती. मी साडूला म्हणालो, जरा इकडे या. कपाट उघडलं. म्हणालो, साडूभाऊ, जरा मोजा बरं.

त्याने पाहिलं. मोजलं नाही. एकदम खालच्या आवाजात म्हणाला, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी. तो म्हणाला, त्या छोट्याला हात लावू नका. मेन आधी बंद करू द्या मला.

माझ्या घरात, माझ्या कपाटात, मी बसवलेल्या स्विचला मी हात लावू नये? मी म्हणालो, याचा फायदा कळला नाही तुम्हाला, थांबा. आणि न्यूट्रल बंद केला.

पहिला सेकंद उत्तम गेला. हॉलमधला प्रकाश एकदम वाढला. इतका लख्ख उजेड या घरात मी कधी पाहिला नव्हता. मी साडूला म्हणालोसुद्धा, बघा, उजेड वाढला! स्वयंपाकघरातले दिवे मात्र मिणमिणते झाले. ते का, हे विचारणार तेवढ्यात टीव्ही फुटल्यासारखा आवाज झाला. मग फ्रिजमधून घरघर, मग नाही. मग स्वयंपाकघरात फट्कन काहीतरी उडालं आणि ही ओरडली.

साडूने मला ढकललं. चांगलंच ढकललं, कोपर चपलांच्या फळीवर आपटलं. आणि शंभर अँपिअरचा मेन खाली ओढला. पहिल्या झटक्यात बंद झाला. दर्जा.

हिला काही झालं नाही. मोठ्या ओव्हनच्या बटणांच्या पट्टीतून धूर येत होता. ती हातमोजे घालून समोर उभी होती. ट्रे तिच्या हातात होता.

२८ मार्च, दुपारी ३
गेलेल्या वस्तू: टीव्ही, फ्रिज, हॉलमधले चार दिवे, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर, मोठ्या ओव्हनचं कंट्रोल कार्ड. छोटा ओव्हन वाचला. पंखे वाचले.

साडेतीनशे बन कच्चे. पीठ फुगत चाललं होतं, ते कुणासाठी थांबत नाही. साडूने कारखान्याच्या कँटीनमध्ये फोन लावला. तिथे मोठे ओव्हन आहेत. कुणाच्या तरी हातापाया पडला. तिकडून हो आल्यावर तो, ही आणि मेहुणी ट्रे उचलून व्हॅनमध्ये भरू लागले. मी एक ट्रे उचलला. हिने तो माझ्या हातातून घेतला आणि मेहुणीला दिला. मेहुणीच्या हातात आधीच दोन होते.

निघताना साडू परत आत आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्याच्याही जवळ तयारी असणारच. पण तो एवढंच म्हणाला, साडूभाऊ, त्या वेळी ताई ओव्हनचं दार उघडत होत्या. लोखंडी दार.

मी जाऊन मेन खाली आहे ना ते पाहिलं.

आता घरात मी एकटा आहे. सगळं बंद आहे. अडीचशे बनचा वास आहे.

२८ मार्च, रात्री ९
आले. ऑर्डर पोचली. पंधरा मिनिटं उशीर. सहाशेपैकी चाळीस बन करपले. हिला पुढच्या वर्षीही बोलावणार का, हे त्या कंपनीवाल्यांनी सांगितलं नाही. ही व्हॅनमधून उतरली ती सरळ पाय धुऊन अंधारात झोपायला गेली.

२९ मार्च
सकाळी ही बोलली. कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता.

म्हणाली, तुम्हाला न्यूट्रल म्हणजे काय ते समजत नाही याचं मला काही नाही. मलाही समजत नाही. म्हणून मी हात लावला नाही. तुम्हाला फक्त भाऊजी चुकतात हे दाखवायचं होतं. त्यासाठी ओव्हन माझा घेतलात.

मी म्हणालो, त्याने सात वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर...

ती म्हणाली, तेव्हा मी हसले, हो. विनोद चांगला होता. रात्री तुमच्या पाठीवरून हात फिरवला होता, तो नाही आठवत? टेस्टर आठवतो.

नाही आठवत. पण ती खोटं बोलत नाही. नोंद करून ठेवतो.

३० मार्च
स्विच बनवणाऱ्या कंपनीला पत्राचा मसुदा: आपल्या तीन पोलच्या उत्पादनावर चौथ्या पोलबाबत पुरेसा इशारा छापलेला नाही. दुसरा मसुदा वीज कार्यालयाला. तिसरा साडूच्या कारखान्याला, त्यांचा कर्मचारी परक्या घरात घुसून गृहस्थाला ढकलतो याबद्दल.

तिन्ही वाचून पाहिले. भाषा निर्दोष होती. तिसरा फाडला. मग दुसरा. पहिला अजून टेबलावर आहे.

१ एप्रिल
वायरमनबाई आल्या. कपाट उघडून छोटा स्विच पाहिला. मग वही काढून माझी सही माझ्यासमोर धरली. मी म्हणालो, परिस्थिती वेगळी होती. त्या म्हणाल्या, परिस्थिती तीच असते काका, न्यूट्रल सुटला की दोन फेज आपसात भांडतात, आणि मधल्याची राख होते. माझा छोटा स्विच काढून त्यांनी न्यूट्रल पुन्हा पट्टीला आवळला आणि वीज चालू केली. मग हिला म्हणाल्या, वहिनी, तुम्ही वाचलात.

हिने मान डोलावली. दोघी मिळून माझ्याकडे बघत नव्हत्या. ते बघत नसणं चांगलंच जाणवत होतं.

नवीन स्विच कोणता घ्यायचा हे मला कुणी विचारलं नाही. मी आपणहून म्हणालो, तक्ता तयार आहे, फक्त रकाने बदलायचे. ही म्हणाली, तो तक्ता द्या इकडे. दिला. तिने तो ट्रेखाली घातला. कागद तेल चांगलं शोषतो म्हणाली.

३ एप्रिल
साडूला फोन केला. नंबर लावला, फोन ठेवला, परत लावला. त्याने उचलला. मी म्हणालो, कोपर अजून दुखतंय. तो म्हणाला, दुखू दे. मी म्हणालो, कँटीनवाल्यांना माझे आभार सांगा. तो म्हणाला, ताईंनी सांगितले आहेत.

मग कुणीच काही बोललं नाही. एक मिनिट चार सेकंद. फोनवर दिसतं.

शेवटी तो म्हणाला, शनिवारी येतो. मी म्हणालो, या. माझ्या मते समेट माझ्या बाजूने झाला.

५ एप्रिल, शनिवार
आज बसला. चार पोल, त्रेसष्ट अँपिअर. वजनाला निम्मा. हातात घेऊन पाहिला. ओव्हनचं नवं कार्ड मंगळवारी येईल. ही परवापासून छोट्यावर रोजचे पाव करते आहे.

वायरमनबाई कपाटात गुडघ्यावर, साडू शेजारी तारा धरून, ही मागे उभी. मी विचारलं, मी काय करू? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग हिने आतून बॅटरी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ही धरा. दोन्ही हातांनी.

धरली. पाऊण तास. हात जराही हलू दिला नाही. उजेड नेमका कामावर पडेल असा कोन ठेवला, मधे एकदा साडूला बाजूला सरकायला सांगितलं. तो सरकला. महिन्याभरात पहिल्यांदाच वाटलं, या कामात आपली गरज आहे.

काम झालं. मेन वर केला, सगळं नीट लागलं. बॅटरी बंद करायला गेलो तर बटण आधीच खाली. पाऊण तास ती लावलेलीच नव्हती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वायरमनबाईंच्या कपाळाला त्यांचा स्वतःचा दिवा बांधलेला होता.

रात्री जेवताना हिला विचारलं, उजेड होता तर मला बॅटरी कशाला दिलीस?

ती म्हणाली, हात गुंतलेले राहावेत म्हणून.